फसव्या बदकाची वाट

कॅलेंडरच्या पाठीवर रस्ता काढलाय,
जानेवारीच्याच पानावर, कारण जानेवारी संपत आलाय
आणि शालन म्हणते, अजून उशीर केलास
तर पाखरं उडून जातील, मग बघत बस नुसतं पाणी.

पहाटे शहापुरातून निघायचं.
ओम्नीचा मागचा दरवाजा सुतळीनं बांधून.
यमकनमर्डीला चहा. हिडकलला थांबायचं नाही
(शालनची कंबर म्हणाली तर थांबायचं).
मग उसाच्या ट्रॅक्टरांमागं रांगत धुपदाळ.
तिथं बंधाऱ्याच्या फुगवट्यात, अशी बातमी आहे,
पट्टकदंब आलेत, थापट्या आलेत, तलवार बदकं,
आणि ती आपली बारमाही, चोचीला हळदीकुंकू लावलेली.

दुपारी गोकाक. धबधबा नाही.
धबधब्याला पाणी नसतं या दिवसांत, आणि असलं तरी
आम्हाला हवेत ईराण्णा चित्रगार,
ते हलक्या लाकडाची केळी करतात, फणस करतात,
इतके पिकलेले की माशी येऊन बसते.
त्यांच्यापुढं पिशवीतून हे काढून ठेवायचं
आणि गप्प राहायचं.

हे म्हणजे बाबांचं बदक.
लांबी एक वीत चार बोटं. पोटात शिसं ओतलेलं.
एक डोळा काचेचा, दुसऱ्या जागी शर्टाचं बटण.
मानेत तीन छर्रे, अजून आत.
कुठल्या तरी इनामदाराच्या पाहुण्यानं
धुक्यात यालाच खरं समजून बार काढला होता.
बदकं फसली की नाही, बाबा कधी बोलले नाहीत.
पाहुणा फसला, एवढं सांगून हसायचे.

बाबा तेव्हा बारा वर्षांचे.
कमरेइतक्या गार पाण्यात उतरून
अशी वीस-बावीस बदकं मांडायची,
दोऱ्या दगडांना बांधायच्या,
आणि लव्हाळ्यात बसून तोंडानं आवाज काढायचा.
मजुरी चार आणे. चौथा छर्रा पोटरीत,
त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत.
आयुष्यभर बदकाचं मटण खाल्लं नाही त्यांनी.
आवाज मात्र काढायचे, आम्ही जेवत नसलो की.

दुसऱ्या दिवशी कित्तूर. संग्रहालय.
तिथल्या बाईंशी फोन झालाय, अर्धा कन्नडात,
अर्धा मराठीत, मधे दोघींनाही हसू आलं.
वस्तू घेऊ म्हणाल्या, पण माहिती भरून द्या:
कुणी केली. कुठं केली. कोणत्या साली.
तीन रकाने. मी शाळेत चौतीस वर्षं
पोरांना रिकामी जागा भरायला लावली,
आता माझा पेन थांबलाय पहिल्याच रेघेवर.

ईराण्णा म्हणतील, आमच्या हातचं आहे,
किंवा म्हणतील, ‘अल्ल री, बाई, हे आमचं नव्हं.’
दोन्हीची तयारी ठेवायची, असं शालन लिहायला लावते,
पेट्रोल आणि दशम्यांच्या खाली.

धुपदाळच्या पाण्यात ते सोडायचं नाही.
तिथं पहारा आहे, आणि तो असायलाच हवा.
म्हणून आज संध्याकाळी परसात
धुण्याच्या टबात सोडून बघितलं.
आधी कललं, एका कुशीवर, दारूड्यासारखं.
मग पोटातलं शिसं जागं झालं.
सावरलं. वळलं. वाऱ्याकडं तोंड करून राहिलं.

शेजारची तनुजा, वय वर्षं साडेतीन,
मुठीत चुरमुरे घेऊन उकिडवी बसली.
एक टाकला. दुसरा टाकला.
‘खात का नाही?’
मी म्हणाले, लाकडाचं आहे ते.
तिनं बटणाच्या डोळ्याकडं बघितलं बराच वेळ,
‘दमलंय,’ म्हणाली, आणि उरलेले चुरमुरे
टबाच्या काठावर ओळीनं मांडून गेली,
सकाळसाठी.

सकाळी आम्ही नसणार.
दशम्या झाल्यात. फडकं राहिलंय
बदक गुंडाळायला, आणि तो पहिला रकाना.